करंजाचं तेल आणि डोंगरावरचं जंगल

फार जुन्या काळी, चहूकडून डोंगरांनी वेढलेलं एक राज्य होतं. राजाच्या भट्ट्यांत दगडी कोळसा जळायचा आणि त्याचा धूर खोऱ्यातच कोंडून राहायचा. गावाबाहेर, एका ओसाड माळाच्या कडेला, तेलाचा घाणा चालवणारी एक बाई राहत होती. तिच्या नवऱ्याला दमा होता. त्याची छाती घरघरू लागली की बिचारी घाणा सोडून त्याच्याकडे धावायची.

एके दिवशी तिने धीर करून दरबार गाठला आणि ओढ्याकाठच्या करंजांच्या बियांचं तेल भट्ट्यांत जाळायला सुचवलं. धूर त्याचाही होतो, पण करंज वाढताना तो परत पिऊन टाकतो, असं तिने समजावलं. राजाला पटलं. निम्म्या भट्ट्या तेलावर आल्या. खोऱ्यातून पुन्हा डोंगर दिसू लागले. नवरा अंगणात येऊन बसू लागला.

आता तरी बाईने सुखाने दोन घास खावेत की नाही? पण तिला नवाच घोर लागला. बिया पुरल्या नाहीत तर? सगळीकडे पुन्हा कोळसा पेटला तर? जीव नुसता टांगणीला लागला. शेवटी ती परत राजाकडे गेली आणि डोंगरावरचं जंगल काढून तिथे करंज लावा, असं सांगून आली.

हे ऐकून नवरा म्हणाला, "अगं, आजवर आपला धूर पीत कोण होतं?"

"करंजही झाडच आहे की. आणि तुमच्यासाठीच करतेय ना मी सगळं?"

तोडत बसायला वेळ कुणाला होता? राजाच्या माणसांनी जंगल पेटवून दिलं. पिढ्यान्‌पिढ्या झाडांनी पिऊन ठेवलेला धूर खोऱ्यात उतरला. राखेत वीतभर रोपं लागली. त्यांना बिया धरायला कैक वर्षं होती. तेल येणारच, या भरवशावर राजाने भट्ट्या मात्र वाढवल्या होत्या. त्यांत कोळसाच पडला.

त्या धुरात घाणेवालीचा नवरा गेला.

पुढे ती घाण्यामागच्या माळावर एकटीच करंज लावताना दिसायची. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "हा माळ रोज दारात होता. भीतीपोटी मला दिसलाच नाही."

तात्पर्य: धूर कमी करायला निघालेल्याने आधी धूर पिणारं जंगल राखावं.