पाचशे पागोट्यांचा रंग

फार पूर्वी, माणसाची पत त्याच्या पागोट्यावरून ओळखत त्या काळी, नदीकाठच्या एका गावात भिवरा नावाची रंगारीण राहत होती. तिच्या हातचं लाल पागोटं दहा वर्षं वापरलं तरी कपाळाला रंग लागत नसे. जत्रेच्या गर्दीतही लोक लांबून बोट दाखवत, "ते बघा, भिवराच्या हंड्यातलं!"

भिवरा लाल रंग देणाऱ्या मंजिष्ठेची मुळं मुठीने मोजून घाली, हंडा तापला का ते कोपर बुडवून पाही आणि रंग चढला का ते वासावरून ओळखी. हंडा एकच, हाताखाली सून आवडा. महिन्याला वीस पागोटी निघत. आळीतल्या बारा घरच्या बाया मात्र रिकाम्या बसून असत आणि येता-जाता विचारत, "भिवराबाई, आमच्याही हाताला काही काम द्या की!" त्यांना नाही म्हणताना तिचा जीव तुटे.

एके दिवशी राजाचा कारभारी आला. म्हणाला, "राजपुत्राचं लग्न आहे. वऱ्हाडाला पाचशे पागोटी हवीत, सगळी एका रंगाची. तीन महिने देतो. काम पसंत पडलं, तर दरबाराचं काम कायम तुमच्या आळीला."

आळीला आनंद झाला. भिवराने मात्र तीन बायांना बोलावलं, "मी करते तसं एकेक पागोटं रंगवा" म्हणाली आणि पाठ फिरवून बसली. संध्याकाळी तीन पागोटी दोरीवर आली. एक विटेसारखं, एक जांभळासारखं आणि तिसरं कसंबसं गुलाबी.

"सरकार," भिवरा कारभाऱ्याला हसून म्हणाली, "रंग माझ्या हातात आहे, आळीच्या हातात नाही. तो आधी तिथे पोचवते, मग हो म्हणते. महिनाभर थांबा."

"लक्ष्मी टिळा लावायला आलीय आणि ही कपाळ धुवायला निघालीय!" लोक म्हणाले. कारभारीही थांबला नाही. पलीकडच्या तीरावरच्या रंगाऱ्याने ऐकताक्षणी हो म्हटलं आणि दुसऱ्याच दिवशी दहा हंडे चढवले.

आळीतल्या बाया भिवराशी धड बोलेनात. तिला ते फार लागलं. पण ती कामाला लागली. आपली मूठ तिने नारळाच्या करवंटीत ओतली आणि जिथवर मुळं आली तिथे खाच पाडली. मूठ करवंटीत बसली, कोपर मात्र कशातच बसेना. आवडा म्हणाली, "आत्याबाई, तुम्हाला जे कोमट लागतं, त्याने मला फोड येतो." तेव्हा भिवराने पळीत मेणाचा खडा ठेवला आणि पळी हंड्यात धरली. मेण पातळ झालं की लाकडं मागे ओढायची.

वासाची सोय तिने धाग्याने केली. पागोट्याबरोबर सुताचा एक धागा हंड्यात सोडायचा. मधूनच तो पिळून भिवराने स्वतः रंगवलेल्या नमुन्याच्या ओल्या चिंधीवर ठेवायचा. चिंधीवर धागा दिसेनासा झाला, की पागोटं बाहेर.

बारा बायांनी बारा पागोटी रंगवून पाहिली. सहा बिघडली. भिवराने शोध घेतला, तर त्या सहा जणींनी पाणी विहिरीचं घेतलेलं. तेव्हापासून पाणी नदीचंच, असं ठरलं.

वीस दिवस उरले असताना कारभारी धापा टाकत परत आला. पलीकडच्या रंगाऱ्याची पागोटी पाचशे होती, आणि त्यांत लाल रंग पन्नास तऱ्हेचे होते.

"आता हो म्हणते," भिवरा म्हणाली.

आणि नेमके दुसऱ्या दिवशी भिवराचे डोळे आले! सुजून गच्च मिटले. रंगारणीला रंगच दिसेना. डोळ्यांवर पट्टी बांधून ती ओट्यावर बसली. अंगणात आळीतून गोळा केलेल्या दहा हंड्यांखाली जाळ पेटला होता, बायांची लगबग चालली होती. दोनदा ती चाचपडत उठली. दोन्ही वेळा आवडाने तिला खाली बसवलं.

"आत्याबाई, बसा. मेण सांगतंय ना आम्हाला!"

विसाव्या दिवशी कारभाऱ्याने पाचशे पागोटी अंगणात मांडून घेतली. एक टोक ते दुसरं टोक चालत गेला, परत आला. मग ओट्यापाशी येऊन आदराने म्हणाला, "बाई, एक मागणं आहे. राजपुत्राच्या डोक्यावर खास तुमच्या हातचं पागोटं हवं. यातून ते काढून द्या."

भिवराने पट्टीवर हात ठेवला.

"सरकार, यात माझ्या हातचं एकही नाही."

कारभाऱ्याला खरं वाटेना. त्याने आवडाकडे पाहिलं. "मग तुझं कोणतं?"

आवडाने पागोट्यांवरून नजर फिरवली आणि लाजून म्हणाली, "आता ते मलाही ओळखू येत नाही."

कारभाऱ्याने डोळे मिटले, हाताला लागलं ते पागोटं उचललं आणि राजपुत्रासाठी बाजूला ठेवलं.

तात्पर्य: आपण डोळे मिटून बसलो तरी काम बिघडत नाही, अशी घडी आधी बसवावी, हंडे मग खुशाल वाढवावेत.