गप्प राहण्याचा नियम

पाच तारीख आली की शालन गुंजाळ मोबाइलवरचा बँकेचा मेसेज उघडायला घाबरायच्या. जिल्हा परिषदेत आवक-जावक सांभाळून निवृत्त झालेल्या या बाईंच्या क्रेडिट कार्डावर दर पाचला कुठल्याशा व्यायाम क्लबाचे सहाशे रुपये पडायचे. त्यांनी तो क्लब कधी पाहिलाही नव्हता. कार्ड बदललं, तर नव्या कार्डावरही तेच.

शेवटी त्या बँकेत गेल्या. मॅनेजर बोरावके साहेबांनी मानही वर केली नाही.

"पहिलं बिल आल्यावर तीस दिवसांत तक्रार केलीत का? गप्प राहिलात म्हणजे मान्य केलंत, असा नियम आहे. भरा, नाहीतर वसुलीची माणसं दारात येतील."

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. तरी निघताना त्यांनी खिडकीवर एक अर्ज दिला आणि जुन्या सवयीने पोच म्हणून प्रतीवर बँकेचा शिक्का मारून घेतला.

पुढचे पाच आठवडे दाराची कडी वाजली की त्यांना धडकी भरायची. मग त्या पुन्हा बँकेत गेल्या. साहेबांनी तोच नियम ऐकवला.

"हा नियम सगळ्यांना सारखाच ना?" बाईंनी चाचरत विचारलं.

"अर्थात!"

बाईंनी शिक्क्याची प्रत पुढे सरकवली. 'हे पैसे मला मान्य नाहीत. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, तर सगळी रक्कम परत करणं बँकेला मान्य आहे असं समजेन.'

साहेबांनी तो अर्ज वाचलाच नव्हता, उत्तर तर दूरच.

"मी घाबरून गप्प राहिले, साहेब," बाई म्हणाल्या. "तुम्ही कुणाला घाबरलात?"

साहेबांनी पेन उघडलं आणि त्याच अर्जावर लिहिलं, 'रक्कम परत करावी.'