शालनच्या गाडीची पट्टी

एके काळी एक वृद्ध मिस्त्री एका घाटाखालच्या गावात मोटारींच्या पत्र्याचे काम करीत असे. दृष्टांतातले गुरू सहसा पर्वतावर बसलेले असतात आणि त्यांच्या मुखावर तेज वगैरे असते. हे गुरू एका जुन्या जीपच्या काढून टाकलेल्या सीटवर बसत आणि त्यांच्या मुखात तंबाखू असे. गाव त्यांना थोरले मिस्त्री म्हणे. भरमू नावाचा त्यांचा शिष्य होता. वय तिशीचे, हात अचूक आणि स्वभाव असा हट्टी, की गंजलेला बोल्ट निघेपर्यंत हा जेवायला उठायचा नाही. या हट्टाचा त्याला अभिमान होता, आणि खरे सांगायचे तर मिस्त्रींनाही होता.

त्याच गावात शालन नावाची एक बाई शाळेची व्हॅन चालवी. घाटातल्या ज्या वाड्यांवर एसटी चढत नाही, तिथल्या पोरींना ती सकाळी खाली आणी आणि संध्याकाळी वर पोहोचवी. व्हॅन जुनी होती. दारांच्या खालून, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत, तिला काळ्या प्लास्टिकची एक रुंद पट्टी होती. मूळची, कंपनीने लावलेली. डाव्या बाजूची पट्टी फुटून लोंबत होती. पासिंगच्या दिवशी तपासणीच्या साहेबांनी तिला नुसता हात लावला, तर हातभर तुकडा त्यांच्या हातातच आला.

"पोरं इथूनच चढतात ना? ही कड कुणाच्या पायाला लागली तर?" साहेब म्हणाले. "नीट करून आणा. पुन्हा असंच दिसलं तर ही गाडी रस्त्यावर आणायची नाही."

दुसरी गाडी घेण्याची शालनची ऐपत नव्हती. व्हॅन गेली असती तर तिचे पोट गेले असते. पण तिला त्याहून मोठी धास्ती पोरींची होती. आठवी-नववीतल्या मुलीला कोण एकटीला घाट उतरू देणार? "राहू दे आता शाळा," असे घरोघरी म्हटले गेले असते आणि विषय संपला असता. ती व्हॅन घेऊन तडक गॅरेजात आली.

"ताई, तुम्ही बिनघोर राहा," भरमू म्हणाला. "पट्टी मी आणतोच."

आता 'आणतोच' हा शब्द भरमूसारख्या माणसाने उच्चारू नये, कारण मग तो त्यालाच बांधला जातो. कंपनीच्या दुकानात विचारले, तर ते मॉडेल केव्हाच बंद झाले होते आणि त्याचा मालही येत नव्हता. मग भरमू भंगार बाजार पालथे घालू लागला. एका शहरात पट्टी मिळाली ती उजव्या बाजूची. दुसरीकडे डावी मिळाली ती लांब गाडीची. ती कापून, गरम करून वाकवू गेला, तर मधोमध तडकली. अखेर त्याने जुनेच तुकडे गोळा केले, मागून चिकटवले, फटीत स्पंज कोंबला आणि रिव्हेट मारले. संध्याकाळी लांब उभे राहून पाहिले, तर पट्टी बरी दिसत होती. सकाळी पाहिले, तर पुन्हा लोंबत होती.

थोरले मिस्त्री हे सगळे बघत होते आणि एक अक्षर बोलत नव्हते. फेरतपासणीला आठवडा उरला तेव्हा भरमू रिकाम्या हाताने परत आला आणि चाकाशी मटकन बसला. शालनही तिथेच उभी होती. तिला काही सांगावे लागले नाही.

"भरम्या," मिस्त्री म्हणाले, "उजव्या अंगाची पट्टी कशी हाय?"

"झकास हाय, वस्ताद. चरासुद्धा न्हाई."

मिस्त्री उठले. पेचकस घेऊन गाडीच्या उजव्या बाजूला गेले, त्या झकास पट्टीखाली त्यांनी तो घातला आणि जोर दिला. कट्‌ कट्‌ करीत एकेक क्लिप तुटली. भरमू ओरडत धावला, पण तोवर अख्खी पट्टी निघून जमिनीवर पडली होती.

"वस्ताद, काय केलासा हे! एवढी एक धड होती!"

शालनच्या डोळ्यांत टचकन पाणी आले. "मामा, अहो, आता दोन्हीकडनं उघडी पडली की गाडी," ती म्हणाली.

"उघडी पडली खरी," मिस्त्री म्हणाले. "म्हणून तर आता दिसंल. या दोघंबी हिकडं."

पट्टीच्या मागे पत्र्याला चिकटून काळ्या, ओल्या चिखलाचा एक जाड थर होता. मिस्त्रींनी तो बोटाने उकरला. त्यातून झेंडूच्या कुजलेल्या पाकळ्या निघाल्या. तांदळाचे दाणे निघाले, कुंकवाचा लाल लगदा निघाला, नारळाच्या शेंडीचे केस निघाले. दारांखालच्या पत्र्याला पाणी वाहून जाण्यासाठी जी बारीक भोके असतात, ती सगळी या लगद्याने लिंपून गेली होती. मिस्त्रींनी त्या जागी अंगठा दाबला, तर अंगठा पत्र्यातून आरपार आत गेला.

शालन एकदम खाली बसली. "दर खंडेनवमीला मीच धुते हिला," ती म्हणाली. "पाइप लावून, घासूनपुसून. हार घालते, कुंकू लावते, पाया पडते. पोरीसुद्धा फुलं वाहतात, मामा. आमच्या हातनं असं कसं झालं?"

"पूजा चुकली न्हाई, बाई," मिस्त्री मऊ आवाजात म्हणाले. "फुलं पाण्याबरोबर घरंगळली, पट्टीच्या मागं अडकली, ती बाहेर काडायचं तेवढं राहिलं."

भरमूच्या चेहऱ्यावरचा राग अद्याप उतरला नव्हता. डावीकडच्या फटीत स्पंज कोंबताना याच चिखलावर आपण झाकण घालीत होतो, हे त्याच्या ध्यानात आले होते, आणि माणूस स्वतःवर चिडला की आधी दुसऱ्याला जाब विचारतो. "वस्ताद, तुम्हांला ठावं होतं, तर मला गावोगाव का हिंडू दिलंत?"

मिस्त्री पुन्हा आपल्या सीटवर जाऊन बसले. त्यांचे सगळे प्रवचन एवढेच:

"आधी सांगितलं असतं, तर मान हलवून पुन्यांदा पट्टीच हुडकायला गेला असतास. तुजा सोभाव मला ठावा न्हाई व्हय? आता ऐक. देवाला सकाळी वाहिलं ते फूल. दुसऱ्या दिवशी त्येच निर्माल्य. ते आपण उतरवतो, तवा देवाचा अपमान करतो का? उलट उतरवलं न्हाई, तर देव्हाऱ्यात वास सुटतो. ही पट्टी कंपनीनं लावली तवा फूल होती. तिचा काळ सरला. ती मिळत न्हाई, हे सारं जग तुला सांगत होतं, आन् तू तिच्यासाठी जीव टाकत होतास. जी धड होती तिच्या मागं तर कुणी बघितलंच न्हाई. पट्टीची काळजी लई केलीस, भरम्या. गाडीची कवा केलीस?"

मग व्हॅनच्या मागच्या अंगाला बोट दाखवून ते म्हणाले, "पण म्हणून दिसंल ते उपटत सुटू नगंस. तिचा मागचा लाल दिवा फुटलाय, त्योबी मिळत न्हाई. त्येच्याबिगर मागच्याला ही दिसायची न्हाई. तो पायजेच. दुसऱ्या गाडीचा आण आन् बसता कर. कशाबिगर गाडी चालत न्हाई आन् कशाबिगर चालती, येवढं वळखायला शिक. बाकी तुजा हात माझ्यापरास बरा हाय."

हे शेवटचे वाक्य मिस्त्रींनी आयुष्यात प्रथमच उच्चारले असावे, कारण भरमूने चटकन मान खाली घातली आणि तो लगेच हत्यारे गोळा करायला लागला.

मग त्या गॅरेजात जे काम झाले ते बघायला गाव लोटले. भरमूने डावीकडचे तुकडेही उपटले आणि दोन्हीकडचा कुजलेला पत्रा कापून काढला. नवा पत्रा ठोकून ठोकून त्याला दारांखालची गोलाई आणली आणि वेल्डिंग केले. पाण्याची भोके मोकळी केली, क्लिपांची बुजवली. एका टेम्पोचा लाल दिवा कानशीने घासून घासून असा बसवला, की तो मुळातच या गाडीसाठी जन्मला असावा असे वाटावे. खाचांत लांबीचा लेप भरून पॉलिश पेपर फिरवताना त्याच्या तळव्याला दाराखालच्या जुन्या, शाबूत पत्र्यावर काहीतरी लागले. त्याने हात मागे नेला, पुन्हा पुढे आणला. पत्र्यातच एक सुरेख उठावदार रेघ होती. पुढच्या दाराखालून निघून मागच्या चाकाशी हलकेच वर वळणारी. ज्याने गाडी घडवली त्याने ती दिली होती आणि मग कंपनीतल्याच कुणीतरी तिच्यावर पट्टी ठोकली होती. इतकी वर्षे ती रेघ कुणी पाहिलीच नव्हती.

"ताई! ताई, हे बघा!" भरमू ओरडला. त्याला हसू आवरेना. शालनने त्या रेघेवरून बोट फिरवले आणि तीही हसू लागली. इतकी वर्षे चालवलेली गाडी तिला जणू प्रथमच दिसत होती.

तपासणीच्या मैदानात गाड्यांची रांग लागली होती. साहेब आले, त्यांनी व्हॅनला एक फेरी मारली आणि थबकले.

"इथली पट्टी कुठाय?"

शालनने भरमूकडे पाहिले, भरमूने मिस्त्रींकडे. मिस्त्री व्हॅनमध्ये पोरींच्या बाकावर बसून खिडकीतून पलीकडे बघत होते, जणू त्यांचा या गाडीशी काही संबंध नाही. भरमूला कळले, की उत्तर आता आपणच द्यायचे आहे.

"काढली, साहेब. शोभेची होती, आन् तिच्यामागं पत्रा कुजला होता. नवा घातलाय. ठोकून बघा."

साहेबांनी खरोखर ठोकून पाहिले. बोटांनी टकटक केले, मग मुठीने हाणले. पत्रा खणखणला. ते चक्क मातीत गुडघे टेकून बसले, टॉर्च लावून गाडीखाली डोकावले आणि त्यांनी पाण्याची मोकळी भोके एकेक करून पाहिली. मग गुडघे झटकत उठले.

"मागं आणली होतीत तेव्हा पट्टीसकट पास केली असती, तर चूक झाली असती माझी," ते म्हणाले. "पास!"

त्यानंतर शालनने जे केले ते नियमात बसणारे नव्हते. ती व्हॅनमध्ये चढली आणि तिने हॉर्नवर जो हात ठेवला तो मैदानाच्या दारापर्यंत उचललाच नाही. रांगेतल्या रिक्षावाल्यांना काय झाले ते ठाऊक नव्हते, तरी त्यांनीही आपापले हॉर्न वाजवले. साहेबांनी कानांवर हात ठेवले, पण रागावले नाहीत. भरमू उघड्या दारात उभा होता, छाती फुगवून, आणि रडत होता. थोरले मिस्त्री बाकावर ताल धरून बसले होते. उद्या सकाळी घाटातल्या सगळ्या पोरी खाली येणार होत्या.

दाराशी गाडी क्षणभर थांबली. तिथे शेजारी तशीच एक व्हॅन उभी होती. तेच मॉडेल, आणि काळी पट्टी तारेने बांधलेली. तिच्या चालकाने शालनच्या चकचकीत गाडीकडे पाहिले आणि भरमूला घाईघाईने विचारले, "मिस्त्री, ही पट्टी कुठं मिळंल का हो? सगळीकडं हिंडलो."

भरमूने आत बसलेल्या वस्तादांकडे पाहिले नाही. त्याची आता गरज उरली नव्हती.

"पट्टी न्हाई मिळायची," तो म्हणाला. "गाडी घेऊन या."