न मोडलेली घडी

मोबाइलवर साड्या विकून वृंदा आणि मेहरुन या मैत्रिणींचं नुकतंच कुठे बस्तान बसत होतं. अशात साखर कारखान्याच्या चेअरमनीणबाईंनी काल साडी परत धाडली आणि आज दारात येऊन गरजल्या, "घडीसुद्धा मोडली नाही! मुकाट्याने पैसे द्या, नाहीतर गावभर बोंब मारीन."

साडीला घामाचा न् अत्तराचा वास होता. वृंदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली, तरी आवाज गोड करून ती म्हणाली, "देते की. पण घडीत मोत्यांची नथ सापडली, ती कुणाची?"

"अगं, माझीच!" बाईंनी हात पसरला. "परवा भाचीच्या लग्नात याच साडीवर घातलेली!"

पसरल्या हातावर मेहरुनने साडीच ठेवली.

"नथबिथ काही नव्हती," वृंदा कडाडली. "न मोडलेल्या घडीतून तुमच्या भाचीचं लग्न तेवढं निघालं!"