दगडी मुठीची सुरी

फार जुनी गोष्ट आहे. लहानांनी ऐकावी, आणि त्यांच्यामागे बसलेल्या मोठ्यांनीही ऐकावी.

एका डोंगराळ राज्यात एक सुरीकार राहत होता. त्याच्या सुऱ्यांच्या मुठी दगडाच्या असत. तोही साधासुधा दगड नव्हे. कधीकाळी झाडं मातीखाली गाडली गेली आणि युगं लोटता लोटता त्यांचाच दगड झाला, तो. घासला की त्यात लाकडाच्या रेषा उमटत. राजवाड्यापर्यंत सुरीकाराचं नाव होतं.

त्याची एकुलती एक लेक तीन डोंगरांपलीकडे दिली होती. सासरी निघताना ती म्हणाली, "बाबा, तुमच्या हातची एक सुरी मला हवी. आणि ती द्यायला तुम्ही आणि आई, दोघांनी यायचं."

"येऊ की," तो म्हणाला. "अशी सुरी आणतो, की तुझं गाव बघत राहील."

तो कामाला लागला. भोक पाडताना पहिला दगड तडकला. दुसऱ्याचा रंग मळकट निघाला. तिसरी मूठ छान जमली होती, पण त्याच्या मनाला येईना. तो चौथा दगड शोधायला निघाला.

दर हिवाळ्यात बायको विचारायची, "अहो, यंदा जायचं ना? किती दिवस झाले तिला बघून."

"सुरी झाली की लगेच."

मग ती ओसरीवर बसून डोंगरातल्या वाटेकडे बघत राहायची. लेक त्यालाही आठवायची. आठवण आली की तो आणखी जोरानं दगड घासायचा. त्याला वाटायचं, आपण तिच्याचसाठी तर झिजतोय.

अशी नऊ वर्षं गेली. दहाव्या वर्षी बायकोनं तापानं अंथरूण धरलं.

"कसलीही सुरी घ्या," ती म्हणाली, "पण मला एकदा तिच्याकडे न्या हो."

"मूठ बसवायचीच राहिलीय. तू बरी हो, की निघूच."

ती बरी झाली नाही.

लेकीला निरोप धाडायचा सुरीकाराला धीर झाला नाही. त्यानं वितळवलेली लाख ओतून पात्यावर मूठ पक्की केली. तशी मूठ साऱ्या राज्यात नव्हती. ती सुरी फडक्यात गुंडाळून तो एकटाच तीन डोंगर चालून गेला.

लेक दारातच होती. ती धावत आली, बापाच्या पाया पडली आणि त्याच्या खांद्यावरून वाटेकडे बघू लागली.

"आई मागं राहिली का? दमली असेल. तुम्ही बसा, मी पुढं जाऊन तिला घेऊन येते."

ती अनवाणीच निघाली.  सुरीकारानं नुसता तिचा हात धरला. तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि ती तिथंच वाटेवर मटकन खाली बसली.

फडकं त्या दिवशी कुणी सोडलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

म्हणून सांगतो: ज्यांची ओढ आहे त्यांना वेळेत भेटावं, मग हात रिकामे का असेनात.