कासारणीनं अडवलेला चुडा

ही गोष्ट फार जुनी. सावरखिंडीला तेव्हा बैलगाडीचीही वाट नव्हती. डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन गोजरा कासारीण घाट चढून यायची. तिनं मनगट धरलं की बाईचं दुखणं तिच्या बोटांत उतरायचं, असं म्हणतात. कुणाचं अंग बाहेर येतंय, कुणाच्या अंगावरून महिनोन्महिने जातंय, सासरी-माहेरी न बोललेलं बायका तिच्यापाशी बोलायच्या.

एकदा पाटलांकडे लेकीचं लग्न निघालं. चुडा भरायला गोजरा गेली. आधी थोरली सून यमुना पुढं बसली. हात पुढं करताना तिनं दुसरा हात पटकन छातीशी नेला.

“काय गं?”

“गाठ आहे, मावशी. हरभऱ्याएवढी होती, आता बोराएवढी झालीय.”

गोजराची धाकटी बहीण अशीच गाठ पदराआड लपवून मेली होती. ती तडक पाटलीणबाईंपुढं उभी राहिली. “सुनेला आजच खाली दवाखान्यात न्या.”

“लग्न होऊ दे. आणि असलं दुखणं काय चव्हाट्यावर मांडायचं? बाईच्या जातीनं सोसावं.”

“मग माझ्या हातून या गावात एकही बांगडी भरली जाणार नाही!”

गोजरा टोपली झाकून अंगणात बसली. पोट हातावरचं, त्यात पाटलांशी वाकडं. तरी ती उठली नाही. बांगड्या भरायला आलेल्या बायका एकेक करून तिच्या शेजारी येऊन बसल्या. शेवटी नवरीच बाहेर आली. म्हणाली, “वहिनी बरी होऊन येईपर्यंत मी चुडा भरणार नाही.”

पाटलीणबाई उंबऱ्यात आल्या, अंगणात बसलेल्या बायका पाहिल्या. मग म्हणाल्या, “नवरीचा मेणा काढा.”

त्या मेण्यातून यमुना घाट उतरली. पुढं गोजरा. वाटेतले काटे आपणहून बाजूला झाले, भोयांच्या खांद्याला ओझं म्हणून लागलं नाही, असं म्हणतात. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी गाठ कापून काढली. म्हणाल्या, “वेळेत आणलंत.” लग्न पुढं ढकललं. नणंदेची ओटी यमुनेनंच भरली, आणि पुढं पतवंडंही पाहिली.

सावरखिंडीत आजही चैत्रात गोजराचा दिवस असतो. त्या दिवशी चुली पुरुष पेटवतात. बायका नटूनथटून आरोग्य केंद्रात जातात, छातीची आणि गर्भाशयाच्या मुखाची तपासणी करून घेतात. आणि घरात नवी सून आली असेल, तर तिचा हात धरून सगळ्यांच्या पुढं चालते ती तिची सासू.