कोवळ्या सागाचं जहाज

फार पूर्वी खाडीकाठचं एक राज्य ओस पडलं. लोक दुष्काळाला बोल लावतात, शत्रूला लावतात. उगाच. दोष राजाचा होता, आणि त्याच्यापुढे माना डोलावणाऱ्या म्हाताऱ्यांचा.

त्या राज्याची एक रीत होती. मूल जन्मलं की त्याच्या नावानं डोंगरावर सागाचं रोप लावायचं. त्या मुलाचे केस पिकेपर्यंत झाडही पिकायचं. मग ज्याचं झाड त्यानंच तोडायचं आणि लाकूड आरमाराला द्यायचं. पण राजाच्या पिढीनं आपापले साग तोडून घरोघरी झोपाळे टांगले होते. आरमार तसंच राहिलं.

आता त्याच झोपाळ्यांवर बसून ते भविष्याच्या गप्पा मारायचे. राजाही दर सणाला सांगायचा, "शंभर वर्षांनी साती समुद्रांवर आपलं निशाण असेल!" टाळ्या पडायच्या.

एकदा राजाला वाटलं, शंभर वर्षं कोण थांबतो? आपल्या डोळ्यांदेखत व्हायला हवं. त्यानं दरबार भरवला.

"जहाज यंदाच बांधा. असं की बघणाऱ्याचं पागोटं खाली पडावं."

"पण लाकूड?" कुणीतरी पुटपुटलं.

"पोरांचे साग आहेत की," प्रधान म्हणाला. "पोरांसाठीच तर चाललंय सगळं!"

राजाची मुलगी उठली. "आबा, माझा साग अजून माझ्या मिठीत मावतो. कोवळ्या फळ्या पाण्यात तडकतील."

"बाळ, तुला दूरचं दिसत नाही."

"दूरचं मलाच बघायचंय, आबा. तेव्हा तुम्ही असणार आहात का?"

"काय ही जीभ!" एक म्हातारा फिस्कारला. "आमच्या वेळी असं नव्हतं."

"तुमच्या वेळी साग होते, काका. झोपाळा कसा, कुरकुरत नाही ना?" मग ती बापाकडे वळली. "माझ्या झाडाला कुऱ्हाड लागली, तर मी इथे राहणार नाही."

दुसऱ्या दिवशी पहिला घाव घालायचा मान राजाचा होता. मुलीचा साग समोर होता. राजानं खोडावर हात ठेवला. ती लहान असताना याच झाडाशी तो तिची उंची मोजायचा. हात मागे येत होता. पण मागे सगळे म्हातारे उभे होते, प्रधानानं ढोलही आणवले होते.

राजानं घाव घातला.

मुलगी रडली नाही. तिनं पदरात सागाच्या बिया बांधल्या आणि घाटाची वाट धरली. तिच्यामागून राज्यातली सगळी तरणी पोरं निघाली. कुणी मागे वळून पाहिलं नाही.

जहाज झालं. रंगलं. म्हातारे नटूनथटून चढले. भर खाडीत फळ्या तडकल्या. पाणी उपसायला एकही दणकट हात नव्हता. ओहोटी होती म्हणून जीव वाचले. राज्याचं भविष्य कमरेएवढ्या चिखलातून, एकमेकांना शिव्या देत घरी आलं.

पुढे बऱ्याच वर्षांनी एक फेरीवाला घाट उतरून आला. म्हणाला, "पलीकडे सागाचं रान उभं राहिलंय. एकेका झाडाला एकेका पोराचं नाव. हात लावायची कुणाची छाती नाही."

राजानं हळूच विचारलं, "एखादं माझ्या नावाचं?"

"नाही."

तात्पर्य: पुढच्यांचं रान तोडून त्यांचं भविष्य बांधता येत नाही. राजानं बांधून पाहिलं. त्याची मुलगी परत आली नाही.